वस्तीतील सरपटणारे प्राणी

प्राण्यांचे निवारे हा पाठ शिकविताना चिमणीचे घरटे, वाघाची गुहा आणि नागाचे बीळ ही तीन उदाहरणे बहुतेक वर्गांतून दिली जातात. पहिल्या दोहोंविषयी तक्रार नाही. तिसऱ्यात मात्र थोडी दुरुस्ती हवी. नाग बीळ खणीत नाही. त्याला पाय नाहीत, नखे नाहीत आणि घट्ट माती उकरण्याजोगे तोंडही नाही. उंदराने पोखरलेले बीळ किंवा वाळवीने उभारलेले वारूळ तो वापरतो आणि नागीण आपली अंडीही तेथेच घालते. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण ऐतखाऊ माणसाला उद्देशून वापरतो. परंतु ज्या कोणी ती प्रथम उच्चारली त्याचे निरीक्षण चोख होते यात शंका नाही.

ही म्हण ध्यानात ठेवली म्हणजे सरपटणारे प्राणी गावात व शहरात कसे टिकून राहतात हे समजण्यास बरीच मदत होते. माणूस घर बांधतो, गटार काढतो, दिवा लावतो, धान्य साठवतो ते स्वतःच्या सोयीसाठी. परंतु पालीच्या, सरड्याच्या किंवा सापाच्या दृष्टीने पाहिले तर या साऱ्या गोष्टी म्हणजे एक मोठे आयते बीळच होय. त्यातील काही प्राण्यांना ते मानवते, काहींना मानवत नाही. ज्यांना मानवले ते आपल्या भोवती राहिले. ज्यांना मानवले नाही ते वस्ती वाढेल तसतसे नाहीसे झाले.

याविषयी विद्यार्थ्यांना प्रश्न केला असता 'त्या प्राण्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले' असे उत्तर मिळते, आणि पुष्कळदा शिक्षकही त्यावर समाधान मानतात. उत्तर चूक नाही. पण त्यात तीन अगदी निराळ्या गोष्टी एका शब्दाखाली झाकल्या जातात. काही प्राणी मुळातच असे घडलेले असतात की त्यांना शहरासाठी काहीच बदलावे लागत नाही. काही प्राणी आपल्या हयातीत वागण्याची रीत बदलतात. आणि काहींच्या बाबतीत पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर प्रत्यक्ष शरीरच बदललेले आढळते. या तिन्हींची सरमिसळ झाली की विद्यार्थ्याच्या मनात जी चुकीची समजूत बसते ती पुढे माध्यमिक शाळेतही निघत नाही.

प्रथम या प्राण्यांच्या शरीराची एक मूलभूत गोष्ट पाहिली पाहिजे. त्यांना 'थंड रक्ताचे' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण दुपारच्या उन्हात कुंपणावर बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतके ऊन असू शकते. फरक आहे तो ऊब कोठून येते यात. आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग शरीर उबदार ठेवण्यात खर्च होतो. सरपटणारा प्राणी ती ऊब सूर्याकडून, तापलेल्या दगडाकडून, भिंतीकडून घेतो. म्हणून सारख्या वजनाच्या उंदराला जेवढे अन्न लागते त्याच्या सुमारे एक-दशांश अन्नावर सरडा राहू शकतो. साप तर एका भक्ष्यावर अनेक दिवस काढतो. जेथे अन्न आज आहे, उद्या नाही, अशा जागी हा काटकसरीपणा फार उपयोगी पडतो. त्यातच दगड, विटा, सिमेंट आणि डांबर ही दिवसभर ऊन शोषून घेतात व रात्री सावकाश सोडतात. मोठ्या शहरातील रात्र आसपासच्या शेतीच्या मुलखापेक्षा काही अंशांनी उबदार असते ती यामुळेच. ज्याला ऊब बाहेरून घ्यावयाची आहे त्याच्यासाठी पक्की भिंत म्हणजे रात्री न विझणारी शेगडी ठरते.

मुळातच वस्तीजोग्या घडणीचा प्राणी पाहावयाचा असेल तर त्यासाठी कोठे जावे लागत नाही. घरातील पालीएवढे चांगले उदाहरण दुसरे नाही. तिन्हीसांजेस ओसरीवरील दिवा लागला की थोड्याच वेळात ती तसबिरीमागून बाहेर येते आणि दिव्यापासून हातभर अंतरावर दबा धरून बसते. पंचांगात पल्लीपतनाची फळे छापलेली असतात, आणि कोणी बोलत असता ती चुकचुकली तर बोललेले खरे होणार असे मानणारे लोक अजूनही आहेत. पण तिच्या पायांकडे बारकाईने पाहणारे थोडेच. शाळेच्या खिडकीला काच असेल तर काचेच्या बाहेरच्या बाजूस बसलेली पाल आतून पाहावी. तिच्या प्रत्येक बोटाखाली आडव्या पट्ट्यांची रांग दिसते. ती नुसत्या डोळ्यांनी मोजता येते.

या पट्ट्यांवर अतिशय बारीक केस असतात. आसामात व आग्नेय आशियात टोके नावाची मोठी पाल आढळते. तिच्या एका पावलावर असे सुमारे ५ लाख केस असल्याचे मोजले गेले आहे. प्रत्येक केस माणसाच्या केसाच्या एक-दशांश जाडीचा, आणि त्याचे टोक पुन्हा शेकडो शाखांत फुटलेले. पाल डिंकासारखा चिकट पदार्थ सोडते किंवा तिच्या पायांत हवा ओढून घेणाऱ्या वाट्या असतात, असे पूर्वी पुष्कळ ठिकाणी शिकविले जाई. ते बरोबर नाही. केलर ऑटम या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एका सुट्या केसाची पकड मोजली आणि २००२ साली असे दाखविले की ही पकड निव्वळ सान्निध्याची आहे. कोणतेही दोन पदार्थ अत्यंत जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण उत्पन्न होते. एरवी ते जाणवत नाही, कारण आपल्याला गुळगुळीत वाटणारे पृष्ठभागही खरोखर खडबडीत असतात व एकमेकांना फार थोड्या बिंदूंवर टेकतात. पालीचे कोट्यवधी शाखाग्र मात्र त्या खडबडीत भागात शिरून टेकतात आणि त्या क्षीण आकर्षणांची बेरीज तिच्या वजनाला पुरून उरते. पाऊल उचलताना ती बोटे टोकाकडून वर वळवीत सोडविते. चिकटपट्टी एका कडेने सोलून काढावी तसे.

आता महत्त्वाचा मुद्दा असा की, ही रचना चुना दिलेल्या भिंतीसाठी वा खिडकीच्या काचेसाठी तयार झालेली नाही. म्यानमारमध्ये सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मरूप राळेत एका पालीचे पाऊल सापडले आहे. त्यावर अशाच पट्ट्या आहेत. त्या काळी माणूसही नव्हता आणि भिंतही नव्हती. पाली खडकांच्या कपारींत व झाडांच्या सालींवर राहत होत्या. माणसाने घरे बांधली ती त्यांना सरळसोट कडे आणि अरुंद कपारी यांसारखीच वाटली. तिची दोन अंडी कठीण कवचाची असल्याने त्यांना ओल्या मातीची गरज पडत नाही. भिंतीची भेग, कपाटाची पाठ किंवा गुंडाळून ठेवलेला नकाशा यांपैकी काहीही चालते. शत्रूने धरलेच तर ती शेपटी टाकून पळते. शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याची जागा ठरलेली असते. पुढे नवी शेपटी येते, पण तिच्या आत मणके नसून कूर्चेची कांडी असते. एवढी सामग्री आधीपासून जवळ असल्यावर शहराशी जुळवून घेण्यासाठी पालीला करावे तरी काय लागणार!

विजेच्या दिव्याने तिच्या सुखात भर घातली. दिव्याभोवती किडे जमतात, आणि भक्ष्य शोधत हिंडण्याऐवजी ते चालून येते. भारत व आग्नेय आशिया येथील एका जातीची घरपाल जहाजांतील मालाबरोबर पॅसिफिक महासागरातील बेटांवर, ऑस्ट्रेलियात व मध्य अमेरिकेत जाऊन पोचली. हवाई बेटांत तिच्या आधी लहान चणीची दुसरी पाल घराघरांतून राहत असे. नवी पाल आली आणि जुनी मागे हटली. याविषयी १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की किडे जेथे दिव्याजवळ एकत्र गोळा होतात तेथे मोठी, चपळ पाल सारे बळकावते. किडे विखुरलेले असले तर तिचे हे वर्चस्व बरेच कमी होते. म्हणजे एका पालीने दुसरीला हुसकून लावले असे म्हणण्यापेक्षा माणसाच्या दिव्याने एकीचा पक्ष घेतला असे म्हणणे अधिक खरे.

तोच दिवा दुसऱ्या एका सरपटणाऱ्या प्राण्याचा घात करतो. समुद्रकासवाची मादी वाळूत अंडी घालून परत जाते. पिल्ले बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि काळोख्या झाडीकडे पाठ करून उजळ क्षितिजाकडे धावतात. रात्रीच्या किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र, हा हिशेब लक्षावधी वर्षे बिनचूक ठरला होता. किनाऱ्यालगत रस्त्याचे दिवे लागले आणि पिल्ले जमिनीकडे वळू लागली. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ सालापासून कासवांची अंडी जपून पिल्ले समुद्रात सोडण्याचे काम होत आले आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०१८ च्या मार्चमध्ये सुमारे ८० पिल्ले समुद्राकडे गेलेली दिसली, तेव्हा त्याची मोठी वार्ता झाली. जी सवय उघड्या किनाऱ्यावर प्राण वाचविते तीच दिव्यांच्या किनाऱ्यावर प्राण घेते. वस्तीत कोण टिकेल हे प्राण्याच्या हुशारीवर अवलंबून नसते, त्याची जुनी घडण नव्या जागी उपयोगी पडते की घातक ठरते यावर अवलंबून असते. पाल व कासव ही जोडी एकत्र शिकविल्यास हा मुद्दा लहान मुलांच्याही चांगला लक्षात येतो.

घरपालीच्या आधी उल्लेख करावयास हवा होता असा एक साप आहे, पण तो स्वतः होऊन कोणाच्या नजरेस पडत नाही. पावसाळ्यात न्हाणीघरात किंवा कुंडीखाली काळसर, चकचकीत, गांडुळासारखा जो जीव वळवळतो तो वाळा. त्याला विष नाही. तो मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या खातो. याच्या सर्व ज्ञात व्यक्ती माद्याच असतात. नराशिवाय अंडी होतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. असा दुसरा साप जगात माहीत नाही. याचा परिणाम असा की कुंडीतील मातीबरोबर एकच वाळा परदेशी गेला तरी तेथे वस्ती होण्यास तेवढे पुरते. अशा रीतीने तो पाचही खंडांतील उष्ण प्रदेशांत पसरला असून इतक्या दूरवर पसरलेला जमिनीवरचा साप दुसरा नसावा. मुले त्याला गांडूळ समजून हाती घेतात किंवा साप समजून ठेचतात. यांपैकी दुसरी गोष्ट तरी टाळता येईल.

दुसरा प्रकार वर्तनातील बदलाचा. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असे आपण म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. कुंपणावरचा नर सरडा ठरावीक हद्द धरून असतो. विणीच्या दिवसांत त्याचे डोके व गळा लालभडक होतो आणि तो पुढच्या पायांवर जोर काढून दुसऱ्या नरांना बजावतो. (हा लाल रंग पाहून तो लांबूनच रक्त शोषतो अशी समजूत झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्याला दगड मारले. सरड्याला विष नाही आणि तो रक्तही पीत नाही.) दक्षिण भारतात खडकाळ भागात राहणारी सरड्याची आणखी एक जात आहे. बंगळूरु शहर वाढत गेले तसे मूळ खडक गेले. पण हे सरडे कुंपणाच्या भिंतींवर आणि बांधकामाच्या दगडांवर राहू लागले. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांना असे आढळले की वस्तीतील सरडा माणसाला रानातल्या सरड्यापेक्षा पुष्कळ जवळ येऊ देतो. दिवसातून शंभर वेळा माणूस जवळून जाणार असेल आणि दर वेळी सरडा पळणार असेल तर त्याला खावयास वेळ मिळणार नाही. २०१९ साली त्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरड्यांना लपण्यासाठी दोन जागा ठेवल्या. त्यांतील एक सुरक्षित आणि दुसरी असुरक्षित. कोणती जागा खरी आसऱ्याची हे शहरालगतच्या सरड्यांनी रानातील सरड्यांपेक्षा लवकर ओळखले.

हे शिकणे त्या त्या सरड्याचे असते. आईबापांनी शिकलेली गोष्ट पिल्लू अंड्यातून घेऊन येत नाही. तिसरा प्रकार याहून निराळा आहे आणि त्याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको या बेटावर मिळते. तेथे ॲनोल जातीचा एक लहान सरडा रानातल्या झाडांच्या बुंध्यांवर राहतो आणि शहरांत सिमेंटच्या भिंतींवर व लोखंडी खांबांवरही राहतो. क्रिस्टिन विंचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन शहरांतील आणि त्या शहरांजवळच्या रानांतील सरडे मोजून पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की शहरातील सरड्यांचे पाय लांब आहेत आणि त्यांच्या बोटांखालील पट्ट्यांची संख्या अधिक आहे. रानात खरखरीत सालीवर धावावयाचे असते आणि दडावयास पाने, फांद्या जवळ असतात. शहरात उघड्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून लांबवर धावावे लागते. तेथे लांब पाय व जादा पट्ट्या कामी येतात.

येथे चिकित्सक वाचकाच्या मनात शंका यावी, आणि ती संशोधकांच्याही मनात आली. शहरात खाणे निराळे, उष्णता निराळी; त्यामुळे वाढत्या वयातच पाय लांब होत नसतील कशावरून? म्हणून त्यांनी शहरातील आणि रानातील अशा दोन्ही सरड्यांची पिल्ले एकाच परिस्थितीत, एकाच खाण्यावर वाढविली. तरीही फरक राहिला. अर्थात तो जन्मतःच आलेला होता. पुढे २०२० मध्ये शहरी सरडे अधिक उष्णता सोसतात असे दिसून आले. आणि २०२३ मध्ये सान हुआन, आरेसिबो व मायाग्वेस या तीन शहरांतील सरड्यांची आनुवंशिक द्रव्ये तपासली असता नागरी वस्तीशी निगडित अशी ३३ जनुके सापडली. तिन्ही शहरे एकमेकांपासून दूर आहेत. तरी निसर्गाने तिन्हीकडे जवळजवळ तीच निवड केली.

हे समजावून देताना एक चूक फार सहज होते. 'भिंतींवर धावून धावून सरड्याचे पाय लांब झाले' असे वाक्य फळ्यावर लिहिले जाते. लोहाराचे दंड घणाच्या कामाने पीळदार होतात. म्हणून लोहाराचा मुलगा पीळदार दंड घेऊन जन्मत नाही. सरड्याचेही तसेच. शहरात आले तेव्हा काही सरडे जन्मतःच किंचित लांब पायांचे होते, काही आखूड पायांचे. आखूड पायांचे सरडे मांजराच्या व पक्ष्यांच्या तोंडी अधिक पडले, गुळगुळीत भिंतीवरून घसरले, त्यांना पिल्ले कमी झाली. लांब पायांच्या सरड्यांची पिल्ले अधिक वाचली आणि त्यांचेही पाय लांब होते. कोणा एका सरड्याचा पाय वाढला नाही. गाळल्या गेलेल्या सरड्यांमुळे उरलेल्यांची सरासरी बदलली. वर्गात ज्वारीचे लहानमोठे दाणे एका चाळणीत घालून ती हलवून दाखवावी. वर राहिलेले दाणे मोठे दिसतात, पण चाळणीत एकही दाणा फुगलेला नसतो.

सापांविषयी आता लिहावयाचे ते थोडे निराळ्या हेतूने, कारण येथे प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. सापाला माणसाच्या वस्तीत रस नसतो; रस असतो उंदरात आणि बेडकात. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे धामण व नाग. धामण बिनविषारी आहे आणि दोन मीटरांहूनही लांब वाढते. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही कथा खरी असणे शक्य नाही, कारण ओठ व गाल आवळून चोखण्याची सोयच सापाच्या तोंडात नाही. गटारे व डबकी यांच्या काठी बेडकांसाठी दिवड येतो. बडोदे शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत तर मगरी राहतात. काठाच्या मातीत त्या स्वतः बिळे करतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या रस्त्यांवर आलेल्या शहरवासीयांनी पाहिल्या. या साऱ्यांमध्ये शिक्षकाने विशेष जाणून घ्यावा असा साप म्हणजे मण्यार.

मण्यार रात्री हिंडते. ती पाली, उंदीर आणि दुसरे सापही खाते, आणि त्यांच्या मागावर घरात शिरते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाचा हात किंवा पाय तिला लागला की ती चावते. तिचे दात बारीक असल्याने दंश पुष्कळदा जाणवतही नाही, सूज येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणे अस्पष्ट होते आणि अखेर श्वास बंद पडतो. रात्री जमिनीवर झोपलेले मूल सकाळी पोटदुखीची तक्रार करीत आहे आणि त्याच्या पापण्या वर उचलत नाहीत असे दिसले, तर ते न्याहारी न केल्यामुळे किंवा झोप न झाल्यामुळे असे समजून त्याला वर्गात कोपऱ्यात निजवू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या हा बिनविषारी साप आहे. तो खरबरीत भिंतीवर सफाईने चढतो, पालींवर जगतो आणि घरात वरचेवर आढळतो. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, मानेपासून बऱ्याच अंतरावर सुरू होतात व शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. हा भेद लांबून ओळखण्यापुरता आहे. तो पडताळण्यासाठी साप जवळ जाऊन पाहू नये, आणि मारलेला सापही हाती धरू नये. यांतील कित्येक सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा दिसलेला साप मारण्याऐवजी वनखात्यास कळविणे हेच योग्य.

या विषयाचे गांभीर्य आकड्यांवरून कळते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झाले. केंद्र सरकारने २०२४ मध्ये यासंबंधी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे शाळा भरण्याचेच महिने. बिळांत पाणी शिरते आणि साप कोरडी जागा शोधीत वर येतात.

२०१९ च्या नोव्हेंबरात केरळातील वायनाड जिल्ह्यात पाचवीत शिकणाऱ्या एका मुलीला भरल्या वर्गात साप चावला. भिंत व जमीन यांच्या सांध्यापाशी पडलेल्या बिळात तो होता. साप चावला आहे असे तिने सांगितले; तरी तिला दवाखान्यात नेण्यास उशीर झाला, अशी तिच्या सोबत्यांची तक्रार होती. ती मुलगी वाचली नाही. त्यानंतर त्या राज्यात शाळांच्या इमारती तपासून भोके बुजविण्याचे आदेश निघाले. असे भोक आपल्याकडील पुष्कळ शाळांतून आढळेल, आणि त्याकडे मुख्याध्यापकांचे लक्ष गेलेले नसेल असेही नाही. दुरुस्तीच्या यादीत छप्पर व स्वच्छतागृह यांच्यापुढे भोकाचा क्रम लागत नाही, एवढेच.

शालेय पोषण आहाराच्या तांदळाची पोती जमिनीवर ठेवलेली असतील, स्वयंपाकाच्या खोलीमागे उष्टे पडत असेल, भिंतीलगत मोडकी बाकडी व विटा रचलेल्या असतील, तर तेथे उंदीर येणार. त्यांनी बिळे केली की ती आयती बिळे झाली. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. उष्टे रोजच्या रोज पुरावे. फरशी व भिंत यांचा सांधा सिमेंटने भरून घ्यावा आणि सांडपाण्याच्या मोरीला जाळी बसवावी. अडगळ हात घालून उपसू नये, काठीने हलवावी. घरी जमिनीवर झोपणाऱ्या मुलांच्या पालकांना मच्छरदाणीचे महत्त्व सांगावे. तिच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असल्या पाहिजेत. नेपाळच्या आग्नेय भागात केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मच्छरदाणीमुळे सर्पदंशापासून मोठे संरक्षण मिळते असे दिसून आले. खाटेनेही पुष्कळ फरक पडतो.

दंश झाल्यास मुलाला धीर द्यावा व चालू देऊ नये. अंगठी, बांगडी, पैंजण काढून घ्यावेत, कारण सूज आली की ते रुततात. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवावा. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये, आणि मांत्रिकाकडे नेण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येण्यास उशीर लागेल असे वाटल्यास मिळेल ते वाहन घ्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. साप कोणता हे ठरविण्यासाठी तो पकडून नेण्याची गरज नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे की नाही, नसल्यास ते जवळ कोठे मिळते, आणि तेथे रात्री कोण असते याची चौकशी शाळा उघडण्यापूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात करून तो तपशील कार्यालयाच्या भिंतीवर सर्वांस दिसेल असा लिहून ठेवावा.